सिंगापूरला स्वतः आखून जाताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

सिंगापूरला येणाऱ्या नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या सहली आखून देताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक तयारी भरपूर करतात. व्हिडिओ बघतात, वहीत टिपणं काढतात, थेपले-चिवडा बांधून घेतात. तरीही कुणी विमानतळावर अडकतं, कुणाचं कार्ड मेट्रोच्या गेटवर चालत नाही, कुणी तिसऱ्या दिवशी पाय धरून हॉटेलात बसतं. कामं झालेली असतात, क्रम चुकलेला असतो. आधी तिकीट काढून मग पासपोर्ट बघायचा, आधी प्रवेशतिकिटं घेऊन मग नकाशा उघडायचा, असं होतं.

म्हणून 'काय बघावं' याची यादी इथे दिलेली नाही. भारतीय पासपोर्ट असलेलं चार-पाच जणांचं कुटुंब, बरोबर एखादं लहान मूल आणि एखादे आजी-आजोबा, पाच रात्रींचा मुक्काम असं धरून लिहिलं आहे. डॉलर म्हटलं की सिंगापूर डॉलर समजा आणि एका डॉलरला साधारण ७० रुपये धरा.

टप्पा १: पासपोर्टवरचं नाव बघा, मग बाकी सगळं

घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर काढा आणि दोन गोष्टी बघा.

पहिली, मुदत. सिंगापुरात उतरण्याच्या दिवसापासून पासपोर्ट किमान ६ महिने चालणारा हवा. लहान मुलांचे पासपोर्ट ५ वर्षांचेच असतात, त्यामुळे मोठ्यांचा चालू आणि मुलाचा संपत आलेला, असं बरेचदा निघतं.

दुसरी, नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. कुणाच्या पासपोर्टवर मधलं नाव असतं, कुणाच्या नसतं. काहींच्या पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी असते आणि सगळं नाव एका ओळीत असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचा घोळ सगळ्यात जास्त. माझ्या एका वहिनींचं तिकीट सासरच्या आडनावानं काढलं होतं आणि पासपोर्ट होता माहेरच्या. ते दुरुस्त करायला पैसे तर गेलेच, शिवाय चार दिवस घरात ताण राहिला तो वेगळा. पासपोर्टवर जे अक्षर जसं आहे तसंच तिकिटावर, व्हिसाच्या अर्जावर आणि पुढे येणाऱ्या अरायव्हल कार्डावर गेलं पाहिजे.

तपासा: प्रत्येक पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. पुढचे सगळे फॉर्म त्यावरून भरा. आठवणीतून एकही भरू नका.

टप्पा २: व्हिसा

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो तिथे उतरल्यावर मिळत नाही. आपण स्वतः संकेतस्थळावर जाऊन थेट अर्ज करायचा, अशी सोयही सहसा नाही. अर्ज अधिकृत व्हिसा एजंटमार्फत जातो, किंवा सिंगापुरात राहणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्यामार्फत. महाराष्ट्रातल्या लोकांनी मुंबईतल्या सिंगापूर वकिलातीच्या संकेतस्थळावर अधिकृत एजंटांची यादी बघून त्यातलाच निवडावा.

अर्जाचं सरकारी शुल्क माणशी ३० डॉलर आहे. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. एजंट त्यावर आपला आकार लावतो. किती लावणार ते आधीच विचारून घ्या, कारण एजंटागणिक तो बदलतो.

अर्ज प्रवासाच्या साधारण महिनाभर आधी करायचा. तीन-तीन महिने आधी घाई करून उपयोग नाही आणि शेवटच्या आठवड्यावर ढकलणं तर नकोच. कागद असे: १४-ए क्रमांकाचा सही केलेला फॉर्म, पासपोर्टची प्रत, अलीकडचा फोटो, जाण्या-येण्याचं तिकीट आणि राहण्याची जागा. बँकेचं विवरण एजंट बहुतेक वेळा मागतोच.

अर्ज परत येतात ते मुख्यतः फोटोमुळे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चेहरा पूर्ण दिसणारा हवा. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत 'पासपोर्ट फोटो' म्हटलं की निळसर पडदा लावून वेगळ्याच मापाचा फोटो काढून देतात. माप आणि पांढरा रंग दोन्ही सांगून काढून घ्या.

व्हिसा कागदी स्टिकर नसतो, ई-व्हिसा येतो. तो छापून घ्या आणि तीन गोष्टी वाचा: नाव व पासपोर्ट क्रमांक, मुदत, आणि किती वेळा प्रवेश करता येईल. व्हिसाची मुदत वेगळी आणि तिथे किती दिवस राहता येईल ते वेगळं. राहण्याचे दिवस उतरल्यावर ठरतात आणि ई-मेलनं कळवले जातात.

सावध: मध्येच एक दिवस मलेशियात, जोहोर बहरूला जाऊन यायचा बेत असेल तर सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का ते आधी बघा. परत येताना तुम्ही नव्यानं सिंगापुरात शिरत असता. अरायव्हल कार्डही नव्यानं भरावं लागतं.

टप्पा ३: हॉटेल, नकाशा उघडून

स्वस्त भाव बघून आधी पैसे भरू नका. एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर आहे का ते बघा. आजी-आजोबा बरोबर असतील तर ही अट सोडूच नका.

शाकाहारी कुटुंबाला लिटल इंडिया, फॅरर पार्क, जालान बेसार किंवा बुगिस हा पट्टा सोयीचा. जेवणाची काळजी मिटते आणि दोन-तीन मेट्रो मार्ग हाताशी राहतात. गेलांग भागात हॉटेलं स्वस्त दिसतात, पण तिथल्या काही गल्ल्यांत देहविक्रयाचा व्यवसाय उघड चालतो. मुलांना घेऊन येणारी कुटुंबं नुसता भाव बघून तिथे खोली घेतात आणि रात्री पोचल्यावर अस्वस्थ होतात.

खोल्या लहान असतात आणि एका खोलीत किती माणसं, हा नियम कडक असतो. 'दोघांची खोली घेऊ, मुलांना खाली गादी टाकू' हे इथे चालत नाही. बुकिंग करतानाच मुलांची वयं खरी भरा. अनेक हॉटेलांच्या संडासात जेट नसतो. ज्यांना लागतो त्यांनी एक रिकामी बाटली किंवा छोटा मग बरोबर ठेवावा.

टप्पा ४: पैसे आणि फोन, निघण्याच्या आठवडाभर आधी

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावर दोन परवानग्या सुरू करा: परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देणं. दोन्हींची बटणं बहुतेक वेळा वेगळी असतात. पहिली सुरू असते, दुसरी बंद असते आणि मेट्रोच्या गेटवर कार्ड लाल दिवा दाखवतं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड घ्या. रुपे कार्डावर मेट्रोच्या गेटसाठी विसंबून राहू नका.

यूपीआय काही दुकानांत चालतं, पण त्याच्या भरवशावर सहल आखू नका. माणशी ५०-६० डॉलर रोख ठेवा. खाण्याच्या बऱ्याच टपऱ्यांवर आपलं कार्ड घेत नाहीत, रोख लागतेच.

दुकानात कार्ड टाकल्यावर यंत्र विचारतं, 'रुपयांत देणार की डॉलरमध्ये?' नेहमी डॉलर निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून लोक तो दाबतात आणि वाईट दरानं पैसे कापले जातात.

फोनसाठी ई-सिम किंवा विमानतळावरचं पर्यटक सिम घ्या. मात्र भारतातलं सिम फोनमधून काढून ठेवू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. रोमिंग भारतातून निघण्याआधी सुरू करा आणि त्या सिमचा डेटा बंद ठेवा.

प्रवासविमा याच आठवड्यात काढा. इथला दवाखाना परदेशी माणसाला महाग पडतो. साधा पाय मुरगळला आणि एक्स-रे काढावा लागला तरी बिल बघून धक्का बसतो.

टप्पा ५: बॅग भरताना काय बाहेर काढायचं

काय न्यायचं ते सगळ्यांना सुचतं. काय ठेवून यायचं ते मात्र आपल्या घरांत नीट बोललं जात नाही आणि त्यातूनच सगळ्यात गंभीर अडचणी येतात. बॅग भरणाऱ्या प्रत्येकाला, आजोबांना आणि घरातल्या कॉलेजवयीन मुलालाही, हे वाचून दाखवा.

तंबाखू, गुटखा, खैनी, जर्दा: तोंडात ठेवायच्या किंवा चघळायच्या तंबाखूला सिंगापुरात बंदी आहे. आजोबांची चंची आणि चुन्याची डबी घरीच ठेवायची. 'माझ्यापुरतीच आहे' हे कारण चालत नाही. सिगारेटला करमाफी नाही. एक पाकीट असलं तरी ते जाहीर करून कर भरावा लागतो.

ई-सिगारेट: जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे आणि १ सप्टेंबर २०२५ पासून शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. मुलांना सरळ विचारा.

खसखस: हे वाचून आपल्या लोकांना नवल वाटतं, पण खसखशीवर इथल्या अमली पदार्थ विभागाचं नियंत्रण आहे. ती अफूच्या बोंडातली असते म्हणून. अनारशांवर खसखस असते, डिंकाच्या लाडवांत असते, काही घरगुती मसाल्यांतही असते. भाचीसाठी प्रेमानं केलेले अनारसे न्यायचे असतील तर वरची खसखस वगळून करा.

च्युइंगगम: १९९२पासून आयातीवर बंदी. मुलांच्या खिशातून आणि पर्सच्या कप्प्यांतून काढून टाका.

फटाके, पिस्तुलाच्या आकाराचे लायटर: दोन्ही नकोत. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांच्या बॅगेत फुलबाज्यांचा डबा राहून गेलेला मी पाहिला आहे.

औषधं: स्वतःपुरती, तीन महिन्यांच्या आतली, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि तीव्र वेदनाशामकं यांना आधी परवानगी लागू शकते. औषधाचं नाव इथल्या आरोग्य-विज्ञान प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासा आणि परवानगी हातात आल्यावरच ते बॅगेत घाला.

मांसाचे पदार्थ: मटणाचं लोणचं, सुकं मटण वगैरे नको. चकली, चिवडा, शंकरपाळे, थेपले घरच्यापुरते आणायला अडचण नाही.

सावध: दुसऱ्याचं पार्सल घेऊ नका. 'तिकडे माझ्या मुलाला एवढं दे' म्हणून दिलेला डबा तुमच्या बॅगेत असेल तर त्यातल्या वस्तूंना जबाबदार तुम्ही. अमली पदार्थांच्या तस्करीला इथे फाशीपर्यंत शिक्षा आहे. घ्यायचंच असेल तर समोर उघडून, पाहून, स्वतः बांधून घ्या.

आता बरोबर ठेवायचं ते: तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर, प्रत्येकाला घडीची छत्री, एक पातळ जाकीट आणि पायांना सवय झालेले बूट. नवे बूट इथे येऊन पहिल्यांदा घालू नका. पाण्याची बाटली प्रत्येकाची हवी. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटलीबंद पाण्यावर रोज पैसे घालवायची गरज नाही.

टप्पा ६: अरायव्हल कार्ड, शेवटचे ३ दिवस

व्हिसा मिळाला म्हणजे झालं, असं समजून हे राहून जातं. एसजी अरायव्हल कार्ड ही व्हिसाखेरीजची माहिती आहे. उतरण्याचा दिवस धरून ३ दिवसांच्या आत ती ऑनलाइन भरायची. त्याआधी भरता येत नाही, म्हणून फोनमध्ये गजर लावून ठेवा. तान्ह्या बाळाचंही भरावं लागतं. कुटुंबाचं एकत्र भरायची सोय आहे.

हे पूर्णपणे मोफत आहे. शोधयंत्रात नाव टाकलं की सरकारी वाटणारी, पैसे मागणारी पानं वर येतात. पैसे मागितले की ते पान बंद करा. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याचं, म्हणजे आयसीएचं, संकेतस्थळ किंवा त्यांचं 'मायआयसीए' ॲप एवढंच वापरा.

ई-मेल पत्ता असा द्या की जो प्रवासात फोनवर उघडतो. पासपोर्टवर आता शिक्का बसत नाही. किती दिवस राहता येईल ते त्या ई-मेलवरच येतं.

तपासा: हाताच्या पिशवीत छापलेला व्हिसा, परतीचं तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि अरायव्हल कार्डाची पोच. बारा तास चालणारी फोनची बॅटरीही नेमकी रांगेत संपते, म्हणून कागद हवाच.

टप्पा ७: चांगी विमानतळावरचा पहिला तास

मुंबईहून रात्री निघालेलं विमान इथे सकाळी पोचतं. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे. झोप झालेली नसते आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. हे माहीत नसल्यानं पहिला दिवस वाया जातो.

क्रम असा ठेवा. आधी इमिग्रेशन. स्वयंचलित गेटवर प्रत्येकानं स्वतःचा पासपोर्ट लावायचा, गेटनं नाकारलं तर घाबरून न जाता शेजारच्या काउंटरवर जायचं. मग सामान. मग कस्टम्स, जाहीर करण्यासारखं काही असेल तर लाल मार्गानं. मग सिम आणि थोडी रोख. मग थेट हॉटेल, सामान तिथे ठेवून बाहेर.

विमानतळालगतच्या ज्वेल या मॉलमधला ४० मीटरचा धबधबा बघायला सकाळी बॅगा ओढत जाऊ नका. भल्या सकाळी तो चालूच नसतो. तो परतीच्या दिवसासाठी ठेवा.

हॉटेलला जायला मेट्रो घेतली तर स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या मध्ये आहे. लिटल इंडिया, बुगिसकडे जाणाऱ्यांनी एक्स्पो स्टेशनवर उतरून निळ्या डाउनटाउन मार्गावर बदलावं. त्याच गाडीनं पुढे तानाह मेराहला गेलात तर हिरव्या मार्गावर बदलता येतं. आजी-आजोबा आणि चार बॅगा असतील तर टॅक्सीच बरी, भाडं साधारण २५ ते ३५ डॉलर पडतं. मध्यरात्री ते सकाळी ६ या वेळेत मीटरवर ५० टक्के जास्त लागतात.

सावध: १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल बरोबर असेल तर ॲपवरून येणाऱ्या खासगी गाडीत मुलाची खुर्ची बंधनकारक आहे. चालक मूल बघून नेण्यास नकार देतो आणि तो चुकीचा नसतो. मीटरच्या टॅक्सीला या नियमातून सूट आहे. त्यामुळे टॅक्सीच्या रांगेत उभं राहा, किंवा ॲपमध्ये मुलाच्या खुर्चीचा पर्याय निवडा.

टप्पा ८: मेट्रो आणि बस

एका माणसाला एक कार्ड. एका कार्डावर चौघं आत जाऊ शकत नाहीत. आत जाताना जे टॅप केलं तेच बाहेर पडताना करा. फोनमधलं कार्ड आणि पाकिटातलं तेच प्लास्टिकचं कार्ड यांना यंत्र वेगळी समजतं. आत फोन, बाहेर कार्ड असं केलं की दोन्हीकडून जास्त पैसे कापले जातात.

परदेशी बँकेच्या कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट आकार लागतो. पाच दिवस, चार माणसं म्हणजे १२ डॉलर. तेवढं टाळायचं तर स्टेशनवर ईझी-लिंक कार्ड घ्या. १० डॉलरच्या कार्डात ५ डॉलर प्रवासाचे असतात, ५ कार्डाचे. पाच दिवसांसाठी दोन्हींत फार फरक पडत नाही. आजी-आजोबांना मात्र मी ईझी-लिंकच देते, कारण ते हरवलं तरी बँक खात्याची काळजी नसते.

बसमधून उतरतानाही टॅप करायचं. आपल्याला ही सवय नसते, आणि विसरलं की शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापतात. थांब्यावर नुसतं उभं राहिलं तर बस निघून जाते, हात दाखवावा लागतो. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांबरोबर मोफत. त्याहून उंच मुलाला वेगळं कार्ड द्या.

गाडीत आणि स्टेशनात खाणं-पिणं मना आहे, दंड ५०० डॉलरपर्यंत. पाण्याचा घोटही यात येतो. मुलांना पाणी फलाटावर उतरण्याआधी, गेटबाहेर पाजा. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू चालणाऱ्यांना मोकळी.

टप्पा ९: दिवस आखा, मग तिकिटं घ्या

सगळ्यात महागडी चूक इथे होते. घरी बसून स्वस्तात मिळाली म्हणून चार प्रवेशतिकिटं घेतली जातात, बहुतेक तारखेला बांधलेली. मग कळतं की प्राणिसंग्रहालय सिंगापूरच्या उत्तरेला आहे आणि सेंटोसा हे करमणुकीचं बेट दक्षिणेला, आणि दोन्ही एकाच दिवसावर आली आहेत.

आधी नकाशावर चार गट करा: लिटल इंडिया आणि काम्पोंग ग्लाम, मरीना बे, सेंटोसा, मांडाई (प्राणिसंग्रहालयाचा भाग). एका दिवशी एकच गट. पाचवा दिवस मोकळा ठेवा, पावसात गेलेलं काही त्यात भरून काढता येतं.

हवेचा विचार दुसरा. पाऊस वर्षभर केव्हाही येतो, नोव्हेंबर ते जानेवारी जास्त. मुंबई-कोकणातल्या माणसाला दमटपणा नवा नसतो, पण घरी आपण दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालत नाही. सकाळी दहापर्यंत बाहेर, दुपारी बंद छताखाली, पाचनंतर पुन्हा बाहेर, एवढं पाळलं तर सत्तरीतले आजोबाही पाच दिवस काढतात. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात. त्यावर वाद घालून उपयोग नाही, तासाभरात पाऊस थांबतो.

मरीना बेचा दिवस. लोक दुपारी बारा वाजता मर्लायनच्या पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि संध्याकाळी 'गार्डन्स बाय द बे' या बागेच्या घुमटांत शिरतात. हे उलटं करा. दुपारी तीन-चारला फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट, दोन्ही थंड असतात, जाकीट इथे लागतं. साडेसातला बाहेर सुपरट्री ग्रोव्हमध्ये जागा धरा. पावणेआठला प्रकाश-संगीताचा कार्यक्रम, मोफत. तो पाव तासात संपतो. मग पूल ओलांडून मरीना बे सँड्सच्या समोरच्या पाण्याकाठी या, तिथला स्पेक्ट्रा हा कारंज्यांचा कार्यक्रम रात्री ८ आणि ९ला असतो, तोही मोफत. ९चा आरामात सापडतो. बागेचा बाहेरचा भाग विनातिकीट आहे, तिकीट लागतं घुमटांना. घुमट देखभालीसाठी अधूनमधून एखादा दिवस बंद ठेवतात, तारीख ठरवण्याआधी ते बघा.

सेंटोसाचा दिवस. शनिवार-रविवार नको. सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर मोठी सुट्टी असते. तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओत रांगा फार लांब होतात. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते, तेव्हा या. हार्बरफ्रंट स्टेशनातून वर व्हिवोसिटी मॉल, तिथून सेंटोसा एक्स्प्रेस, बेटावर शिरायला ४ डॉलर, परतताना काही नाही. चालत पुलावरून गेलात तर तेही नाही. बेटावरच्या बसगाड्या मोफत आहेत.

मांडाईचा दिवस. प्राणिसंग्रहालय, रिव्हर वंडर्स, बर्ड पॅरडाइज आणि नाइट सफारी शेजारी-शेजारी आहेत. चारही एका दिवसात करायचा हट्ट करू नका. दुपारी यातलं एक ठिकाण, रात्री नाइट सफारी, एवढंच. खातिब स्टेशनवरून मांडाईची शटल बस मिळते. नाइट सफारी सव्वासातला उघडते आणि सगळी गर्दी आधी ट्रामच्या रांगेत धावते. तुम्ही आधी पायवाटा करा, नऊनंतर ट्राम घ्या. परतीची शेवटची बस कधी ते आत जातानाच विचारून ठेवा. रात्री अकराला तिथून ॲपवर गाडी मिळवायला वेळ लागतो आणि भाडं चढलेलं असतं.

तपासा: चारही दिवसांचा कागद तयार झाला? आता तिकिटं घ्या.

टप्पा १०: जेवण

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या अनेक टपऱ्या. इथे स्वस्त आणि चांगलं खाणं मिळतं. क्रम: आधी टेबल धरा, मग रांगेत जा. टेबलावर टिश्यूचं पाकीट किंवा छत्री ठेवली असेल तर ते धरलेलं आहे, वस्तू उचलून बसू नका. खाऊन झाल्यावर ताट-वाट्या स्वतः नेऊन ठेवायच्या. हा नियम आहे, दंडही होतो.

शाकाहारींनी 'नो मीट' एवढं सांगून थांबू नये. ऑयस्टर सॉस आणि माशाचा रस्सा यांना अनेक जण मांस समजत नाहीत. सांबाल या मिरचीच्या चटणीत सुकवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, त्याला बेलाचान म्हणतात. लाक्सा या नूडल्सच्या रश्शातही कोळंबी असते. भाज्यांचे नूडल्सही त्याच कढईत परततात. रोटी पराठ्याबरोबर येणारी करी बरेचदा माशाची किंवा मटणाची असते, 'डाळ द्या' असं आवर्जून सांगा. काया टोस्टमधल्या जॅममध्ये अंडं असतं. नेमकं विचारा: 'नो फिश सॉस, नो ऑयस्टर सॉस, नो श्रिम्प, नो एग.'

चिनी शाकाहारी टपऱ्याही बऱ्याच आहेत. बौद्ध परंपरेतल्या असल्यानं तिथे कांदा-लसूण सहसा नसतो. पाटीवर 'सू' उच्चाराचं चिनी अक्षर असतं. तिथलं कोंबडीसारखं दिसणारं सोया किंवा गव्हापासून केलेलं असतं. दिसायला हुबेहूब असल्यानं आपल्याकडचे काही जण ते खाऊ शकत नाहीत, आजीला आधी सांगून न्या. अगदी घरच्यासारखं हवं तर लिटल इंडियातलं कोमला विलास १९४७पासून शाकाहारी जेवण देतं. टेक्का सेंटर हे हॉकर सेंटर जवळच आहे, पण तिथे मासळीबाजारही आहे. वासाचा त्रास होणाऱ्यांनी खाण्याच्या बाजूनं आत जावं.

चहा मागताना नुसतं 'तेह' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कचा फार गोड चहा येतो. 'तेह-सी सिउ दाई' म्हणा: साधं आटवलेलं दूध, कमी साखर. आलं हवं तर 'तेह हालिया'. हे तीन शब्द पाठ करून आलेले माझे काका पाचही दिवस खूश होते.

चिनी नववर्षाच्या दिवसांत बऱ्याच टपऱ्या बंद असतात. तेव्हा येत असाल तर जेवणाच्या जागा आधी ठरवा.

अडचण आली तर

पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन ग्रेंज रोडवरचा भारतीय उच्चायोग. टप्पा १ मध्ये काढलेले फोटो इथे उपयोगी पडतात. थुंकणं आणि कचरा टाकणं यांना दंड आहे. रात्री साडेदहा ते सकाळी सात उघड्यावर दारू पिता येत नाही. सिगारेट ओढायची जागा आखलेली असते, ऑर्चर्ड रोडवर तर तेवढ्या जागाच.

टप्पा ११: परतीचा दिवस

खरेदीवरचा ९ टक्के जीएसटी पर्यटकाला परत मागता येतो. एका दुकानात किमान १०० डॉलरची खरेदी हवी, त्याच दुकानाच्या त्याच दिवसाच्या तीन पावत्यांपर्यंत एकत्र धरता येतात. दुकानात पैसे देतानाच मूळ पासपोर्ट दाखवायचा. फोनमधला फोटो चालत नाही आणि घरी आल्यावर 'आता करू' म्हणून होत नाही.

विमानतळावरचा क्रम इथे फार महत्त्वाचा. वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असेल तर बॅग विमान कंपनीला देण्याआधी परताव्याच्या यंत्रावर जा. वस्तू दाखवायला सांगू शकतात. वस्तू हातातल्या पिशवीत असेल तर इमिग्रेशन पार केल्यावर आतल्या यंत्रावर. लोक आधी बॅग देऊन मोकळे होतात, मग यंत्रापाशी उभे राहतात आणि दाखवायला हातात काहीच नसतं.

ईझी-लिंक कार्डातले उरलेले पैसे विमानतळ स्टेशनवरच्या खिडकीवर परत मिळतात. विमान कंपनी लवकर चेक-इन घेत असेल तर चार-पाच तास आधी या, परताव्याचं काम करून बॅगा देऊन टाका आणि मोकळ्या हातांनी ज्वेलमध्ये जा. धबधबा बघायची हीच वेळ. टर्मिनल ४ वरून विमान असेल तर ते बाकीच्या तिघांना जोडलेलं नाही, शटल बसनं जावं लागतं. त्यासाठी अर्धा तास जास्त धरा.

आणखी एक. टर्मिनल १, २ आणि ३ वर सुरक्षा तपासणी गेटपाशी होते. आत दुकानं बघत बसलेल्यांना वाटतं की तपासणी मघाशीच झाली. विमान सुटायच्या तासभर आधी गेटवर पोचा आणि रांगेत उभं राहण्याआधी सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या करा. गेटच्या आत बऱ्याच ठिकाणी पाण्याचा नळ असतो, तिथे त्या पुन्हा भरून घेता येतात.